बॉनेटखालचा इतिहास

आमच्या नात्यातील एका तरुणाने गेल्या वर्षी मुलुंडमध्ये एक जुनी कॉन्टेसा विकत घेतली. पत्रा बऱ्यापैकी शाबूत, आसने उसवलेली आणि इंजिन पूर्णपणे निकामी, अशा अवस्थेतील ती गाडी एका इमारतीच्या मागील बाजूस कित्येक वर्षे उभी होती. मूळचे इंजिन दुरुस्त करण्याऐवजी त्याहून मोठे, सहा सिलिंडरचे इंजिन तीत चढवावे, असा त्याचा बेत आहे. अमेरिकेत चॅलेंजर, मस्टँग यांसारख्या नव्या 'मसल कार'मधूनही कारखान्याने दिलेले इंजिन उतरवून त्याहून दांडगे इंजिन बसवणारी मंडळी आहेत. त्यांच्या चित्रफिती तो रात्ररात्र पाहत बसतो. 'आपल्याकडे ही विद्या आत्ता कुठे येते आहे,' असे तो बोलून गेला आणि आम्हांला हा लेख लिहिण्याचे निमित्त मिळाले.

कारण वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईच्या उपनगरांत इंजिने उतरवण्याचा आणि चढवण्याचा उद्योग त्याच्या जन्मापूर्वीपासून चालत आला आहे. कांदिवली आणि कुर्ला येथील मोठ्या कंपन्यांनी तो केला, आणि घाटकोपर, अंधेरी, साकीनाका येथील पत्र्याच्या छपराखालच्या गॅरेजांनीही केला. मात्र तिकडे इंजिन बदलले गेले ते बहुधा वेगासाठी. आपल्याकडे ते बदलले गेले ते बहुधा इंधनाच्या खर्चासाठी. या एका भेदामुळे आपल्या इंजिनबदलाचा इतिहास कुणी इतिहास म्हणून लिहिला नाही. आम्हांला तो लिहिण्याजोगा वाटतो.

१

प्रथम अमेरिकेतील प्रकरण थोडक्यात पाहू. 'मसल कार' या प्रकाराचा जन्मच मुळी एका इंजिनबदलातून झाला. १९६० च्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्स या कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाड्यांना ३३० घनइंचांहून मोठे इंजिन देऊ नये, असा अंतर्गत दंडक घातला होता. पाँटियाक विभागातील जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. टेंपेस्ट या मध्यम गाडीत त्यांनी मोठ्या गाड्यांसाठी असलेले ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले. आणि ही नवी गाडी नसून जुन्या गाडीवर मिळणारी एक ऐच्छिक सोय आहे, अशी तिची नोंद केली. दंडक नव्या गाड्यांना होता, ऐच्छिक सोयींना नव्हता. १९६४ सालची ही 'जीटीओ' पहिल्याच वर्षी तीस हजारांहून अधिक खपली.

नियमातील फट, हाताशी असलेले दुसऱ्या गाडीचे इंजिन आणि ते बसवण्याची धमक, या तीन गोष्टी येथे एकत्र आलेल्या दिसतात. आपल्या उपनगरांतही नेमक्या याच तीन गोष्टी होत्या. चौथी, म्हणजे स्वस्त पेट्रोल, तेवढी नव्हती. आणि तिच्या अभावाने सारी कथा उलट्या दिशेला वळली.

२

वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी होऊ लागली. मोठ्या अमेरिकन गाड्या मुंबईला नवख्या नव्हत्या. संस्थानिक, गिरणीमालक, चित्रपटसृष्टीतील मंडळी यांच्या दारात त्या उभ्या असत. परंतु १९५० च्या दशकात आयातीवर निर्बंध आले, देशात गाडी संपूर्णपणे बनवण्याची योजना ज्यांच्यापाशी होती तेवढ्याच कंपन्यांना काम करण्याची मुभा राहिली, आणि प्रीमियरने आपले लक्ष इटलीच्या फियाटकडे वळवले. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली.

मागे राहिलेल्या अमेरिकन गाड्यांचे काय झाले? पहिले मालक गेले, गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाती पडल्या. त्यांच्या प्रचंड पेट्रोल-इंजिनांना पोसणे नव्या मालकांना परवडेना, सुटे भागही मिळेनात. तेव्हा आठ किंवा सहा सिलिंडरचे ते इंजिन काढून त्याजागी ट्रकचे वा टेम्पोचे डिझेल इंजिन बसवण्याचा प्रघात पडला. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने मिळणाऱ्या लांबरुंद गाड्या फुलांच्या माळांखाली ट्रकासारख्या धडधडत असत, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या प्रकाराची निराळी साक्ष नको. जुन्या गाड्यांचे आजचे शौकीन अशी गाडी हाती आली की प्रथम बॉनेट उघडून पाहतात, आणि आतील डिझेलचे धूड पाहून कपाळावर हात मारतात. गाडीच्या मूळ इंजिनाचा शोध घेण्यात त्यांची वर्षे जातात.

आम्हांला मात्र त्या अनामिक मिस्त्र्यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांनी डिझेल इंजिन चढवले नसते, तर यांतील बहुतेक गाड्या भंगारात जाऊन आज शौकिनांच्या हाती काहीच उरले नसते.

३

कुर्ल्याहून कांदिवलीला येऊ. महिंद्र कंपनीने जीपची जुळणी प्रथम माझगावला सुरू केली, पुढे कांदिवलीचा कारखाना तिचे मोठे केंद्र झाला. पोलीस ठाण्यांपासून पाटबंधारे खात्यापर्यंत सर्वत्र दिसणारी जी जुनी जीप, तिचे बॉनेट बरेच उंच असे. पुष्कळांना तो डौलाचा भाग वाटतो. वास्तविक तेही एका इंजिनबदलाचेच चिन्ह होय. युद्धकाळातील विलीज जीपचे इंजिन बुटके होते. १९५३ साली अमेरिकेत तिच्यात नव्या रचनेचे 'हरिकेन' इंजिन घालण्यात आले. घनफळ तेवढेच, सुमारे २.२ लिटर, परंतु झडपांची मांडणी निराळी असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि शक्ती साठ अश्वशक्तींवरून सत्तरच्या पलीकडे गेली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून बॉनेटच उंच केले गेले. अमेरिकेने ते रूप कालांतराने मागे टाकले, आपण ते पुढे कित्येक दशके चालवले.

या जीपचे पुढचे इंजिन कारखान्याला शेजारीच सापडले. इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या साथीने महिंद्रने १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि १९६५ पासून कांदिवलीत बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला, खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या, आणि पेट्रोलवर चालणारी जीप सरकारी खात्यांनाही जड वाटू लागली. अशा वेळी कंपनीने ट्रॅक्टरच्याच घराण्यातील डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. पुढे 'सीजे ५०० डी' या नावाने ओळखली गेलेली जीप ती हीच.

येथे थोडे आकड्यांकडे पाहिले पाहिजे. हरिकेन इंजिन सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे, तर हे डिझेल इंजिन सुमारे २,३५० घनसेंटिमीटरचे. म्हणजे घनफळाने नवे इंजिन मोठेच होते. शक्ती मात्र बरीच कमी! ट्रॅक्टरचे इंजिन सावकाश फिरण्यासाठी, नांगर ओढण्यासाठी घडवलेले असते. प्रत्येक फेऱ्यात जोर भरपूर, पण मिनिटाला फेरे थोडे, म्हणून एकूण शक्ती कमी. वेगाच्या चाहत्याला हा घाट्याचा सौदा वाटेल. घाटरस्त्यावर आठ-दहा माणसे आणि दोन पोती घेऊन जाणाऱ्याला तो तसा वाटला नाही. पुढे १९८० च्या दशकात कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोकडून २,११२ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि जीपचा आवाज तेवढा माणसाळला. विशेष हे की एवढ्या अवधीत जीपचा पत्रा जवळजवळ तोच राहिला. बाहेरून एकच गाडी आणि आत पेट्रोल, ट्रॅक्टर, प्यूजो अशी तीन निरनिराळी इंजिने नांदून गेली.

४

१९८० च्या दशकात हा प्रकार मोटारगाड्यांत आला. परवान्यांच्या राज्यात नवी गाडी मुळापासून रचण्याइतके भांडवल आणि परकीय चलन कुणापाशी नव्हते. म्हणून आपल्या कंपन्यांनी परदेशांत निवृत्त झालेले साचे आणले आणि मिळेल तेथून इंजिन मिळवले. गाडीचे अंग एका देशाचे आणि इंजिन दुसऱ्याचे, अशा संकरातून त्या दशकाच्या बहुतेक 'नव्या' गाड्या निघाल्या.

कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची ११८ एनई ही १९८५ सालची गाडी याचे उत्तम उदाहरण. तिचे अंग म्हणजे १९६६ सालच्या फियाट १२४ चे, स्पेनच्या सेआत कंपनीमार्फत आलेले रूप. इंजिन जपानच्या निसानचे, १,१७१ घनसेंटिमीटरचे, पूर्वी दॅटसन सनीत असलेले. नावातील 'एनई' ही अक्षरे 'निसान इंजिन' यांचीच. स्वतःच्या नावातच इंजिनबदलाची कबुली देणारी दुसरी गाडी आम्हांला आठवत नाही.

तिकडे कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये कॉन्टेसा आणली. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचे ते लांबरुंद, चौकोनी नाकाचे अंग पाहून आजचे तरुण तिला भारताची मसल कार म्हणतात. परंतु त्या अंगाखाली आरंभी इंजिन होते ते अ‍ॅम्बॅसिडरचेच, १,४८९ घनसेंटिमीटरचे आणि पन्नासएक अश्वशक्तीचे. पैलवानाच्या अंगरख्यात पाप्याचे पितर! पुढे इसुझूचे १.८ लिटरचे, ८८ अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअरची पेटी आल्यावर त्या अंगाला थोडा न्याय मिळाला. मोठे इंजिन केवळ अधिक शक्तीसाठी चढवले गेल्याची आपल्याकडील ठळक घटना ही म्हणावी लागेल, आणि तीही मुळात उणीव भरून काढण्यासाठीच होती. चेन्नईच्या स्टँडर्ड २००० ची गत याहून वाईट. ब्रिटनमध्ये जे रोव्हरचे अंग साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरांनी खेचले जात होते, त्यात येथे जुन्या व्हॅनगार्डचे दोन लिटरचे इंजिन बसवले गेले. ती गाडी तीन-चार वर्षांतच आटोपली. मारुतीलाही हा धडा गिरवावा लागला. १९९० सालची मारुती १००० दिसायला ऐटबाज, पण ९७० घनसेंटिमीटरच्या इंजिनाने दमून जाणारी. १९९४ मध्ये जवळजवळ त्याच अंगात १,२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन आले आणि ती 'एस्टीम' झाली.

तेव्हा इंजिन आणि अंग यांचा मेळ कारखान्याने घालून दिलेला असतो व तो पवित्र असतो, ही कल्पना आपल्या देशात फार अलीकडची आहे. खुद्द कारखानेच जेथे मिळेल ते इंजिन मिळेल त्या अंगात बसवत होते, तेथे गल्लीतील मिस्त्र्याने तेच केले तर नवल कसले?

५

आता त्या मिस्त्र्याकडे वळू. १९७० च्या दशकात फियाटचे नाव जाऊन 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव आले. गाडी तीच राहिली. १,०८९ घनसेंटिमीटरचे, सुमारे चाळीस अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, आणि सुकाणूच्या दांड्यावरील गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असे समीकरण झाले. टॅक्सीवाल्याचा संसार दोन आकड्यांवर चाले: दिवसाचा गल्ला आणि दिवसाचे पेट्रोल. सरकारी धोरणामुळे डिझेल पेट्रोलच्या मानाने पुष्कळ स्वस्त होते, आणि १९९० च्या दशकात हा फरक इतका होता की डिझेल इंजिन बसवण्याचा खर्च काही काळात भरून निघे. कंपनीने स्वतः १,३६६ घनसेंटिमीटरचे इटालियन रचनेचे डिझेल इंजिन घातलेली पद्मिनी काढली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात; त्यापूर्वीच अनेक टॅक्सी गॅरेजांतून डिझेलवर गेल्या होत्या.

घाटकोपरच्या एका गॅरेजात हे काम आम्ही लहानपणी तासन्‌तास पाहिले आहे. पद्मिनीचे इंजिन पुढे, उभे, आणि चालना मागच्या चाकांना. त्यामुळे बॉनेटखाली हात घालायला जागा असे. चेन-कप्पीला टांगून जुने इंजिन उतरवले जाई. नव्याची खरी अडचण पुढे सुरू होई. डिझेल इंजिनात हवा पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक दाबली जाते, म्हणून त्याचे ओतीव लोखंड जाड आणि वजन अधिक. ते पेलण्यासाठी फाउंडेशनच्या पट्ट्या नव्याने बनवाव्या लागत, पुढच्या स्प्रिंगा कडक कराव्या लागत. गिअरपेटीची भोके इंजिनाच्या भोकांशी जुळत नसत. मग शेजारच्या लेथवर जाड पोलादी तबकडी कातून घेऊन ती मध्ये बसवली जाई. तिचा मध्य केसभर जरी सरकला तरी क्लचप्लेट महिन्याभरात खाल्ली जाई. त्यात डिझेल इंजिन सावकाश फिरणारे; मागील क्राउन-पिनियनचे प्रमाण तेच ठेवले तर गाडी पळणार नाही, म्हणून तेही बदलायचे. एवढे करून गाडी सुरू झाली की आरसा थरथरू लागे आणि मिस्त्री समाधानाने विडी शिलगावत असे.

या माणसांपाशी आराखडे नव्हते. होते ते कुर्ल्याच्या सीएसटी मार्गावर मिळणारे जुने सुटे भाग, कॅलिपर आणि पूर्वी फसलेल्या कामांची आठवण. कुर्ला, भांडुप, मुलुंड, कांदिवली या पट्ट्यात कारखान्यांची दाटी होती, लेथवर हात बसलेले कारागीर गल्लोगल्ली होते; आमच्या समजुतीने या शेजारामुळेच ही विद्या उपनगरांत रुजली. घाटकोपरात डॉक्टरकी करणाऱ्या दत्ता सामंतांचे नेतृत्व प्रीमियरच्या कामगारांनी पत्करले, तो लढा इतिहासात नोंदला गेला. त्याच कामगारांच्या शेजारी राहणाऱ्या मिस्त्र्यांची कारागिरी मात्र नोंदीवाचून राहिली.

पण या कथेला दुसरीही बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. झिजलेली, कामचलाऊ जुळवलेली डिझेल इंजिने धूर ओकत. टॅक्सीवाल्याच्या खिशात वाचलेला रुपया कुणाच्या तरी छातीत काजळी होऊन बसत होता. १९९९ साली 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या नागरिकांच्या मंचाची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढील काही वर्षांत जुन्या व डिझेलवरील टॅक्सी स्वच्छ इंधनाकडे वळवण्यात आल्या. महानगर गॅस ही कंपनी १९९५ पासून अस्तित्वात होती. तिच्या पंपांपुढे आता टॅक्सी-रिक्षांच्या रांगा लागल्या. जेथे डिझेल चढले होते तेथे पुन्हा पेट्रोल इंजिन आले आणि डिकीत वायूची टाकी बसली. प्रवाशाची बॅग टपावरच्या कॅरिअरवर गेली, एवढी किंमत मुंबईकरांनी कुरकुर न करता दिली.

६

इंजिन बदलण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न येथे उभा राहतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने हा निर्णय मालकाचा मानला होता, त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागे इतकेच. १९८८ च्या नव्या कायद्यातील कलम ५२ ही मुळात याच धाटणीचे होते. निरीक्षक यायचा, चेसिसच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यायचा, नवा इंजिन क्रमांक आरसी बुकात चढायचा. २००० साली हे कलम बदलले. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा कोणताही फेरफार मालकाला करता येणार नाही, असे ठरले. अपवाद ठेवला गेला तो निराळ्या इंधनावर वा ऊर्जेवर चालण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याचा. वायू आणि बॅटरी त्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली.

या बदलाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी मालक आणि सरकार असे दोनच पक्ष होते. आता तिसरा पक्ष आला: ज्याने गाडी विकून पैसे घेतले तो उत्पादक. गाडी काय आहे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या कागदाला मिळाला. सुरक्षेच्या दृष्टीने यात तथ्य नाही असे नाही. चाळीस अश्वशक्तीसाठी घडवलेले ब्रेक दुप्पट शक्तीपुढे टिकत नाहीत, आणि रस्त्यावर चालणाऱ्याने मिस्त्र्याच्या अंदाजावर आपला जीव का टाकावा? परंतु तपासून संमती देणे आणि सरसकट बंदी घालणे यांत अंतर आहे. पहिल्या मार्गाला शिकलेले निरीक्षक आणि चाचणीची साधने लागतात. दुसऱ्याला केवळ एक अधिसूचना पुरते. आपण दुसरा मार्ग निवडला.

कायद्याच्या जोडीला यंत्रानेही दार लावून घेतले. मारुतीपासून इंजिन आडवे झाले आणि गिअरपेटीसह पुढच्या चाकांत गुंतले. मग इंधनाची पिचकारी संगणकाच्या ताब्यात गेली. २०२० पासूनच्या बीएस-६ मानकांत धुराच्या नळीतील संवेदक, इंजिन आणि संगणक हे एकमेकांची ओळख पटल्याशिवाय चालत नाहीत. इंजिनाचे घनफळही आता ग्राहकाच्या गरजेपेक्षा नियमपुस्तक ठरवते. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आतील गाड्यांना पेट्रोल इंजिन १.२ आणि डिझेल इंजिन १.५ लिटरपर्यंत असल्यास करसवलत दिली, आणि अनेक गाड्या त्या मापात बसू लागल्या. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन लिटर व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. तेव्हा महिंद्रने काही आठवड्यांतच २.२ लिटरच्या जागी १.९९ लिटरचे इंजिन आणले. १९६४ साली डेट्रॉइटने नियमातील फटीतून मोठे इंजिन सरकवले होते. आपल्याकडे अर्धशतकानंतर तशाच फटीतून लहान इंजिन सरकवले गेले. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी उठली.

७

पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. मागे राहिले ते प्रीमियरचे नाव सांगणारा रस्ता. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि वर्तमानपत्रांनी तिला हळवे निरोप दिले. त्या निरोपांत गाडीचा रंग, टपावरचा कॅरिअर, आतील छतावरची वेलबुट्टी यांचे वर्णन होते. तीच गाडी आयुष्यात पेट्रोल, डिझेल, वायू अशी रूपे घेऊन जगली आणि ती जगवणारे हात कुणाचे होते, याचा उल्लेख आमच्या वाचनात तरी आला नाही.

घाटकोपरचे ते गॅरेज आता राहिलेले नाही. तेथील थोरले मिस्त्री, ज्यांना आम्ही चाचा म्हणत असू, ते थकले आहेत. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. आमच्या तरुण नातेवाइकाला घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. कॉन्टेसात सहा सिलिंडर बसतील का, असे त्याने विचारले. चाचांनी डोळे मिटून बोटांनी हवेत माप घेतले, रेडिएटर किती पुढे न्यावा लागेल, सुकाणूचा दांडा कोठे आडवा येईल, पुढचे क्रॉसमेंबर किती कापावे लागेल हे सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "बसेल बेटा. पण आरटीओत नाही बसणार."

त्यावर आम्ही त्याला जे सुचवले ते असे. मूळ जातीचे इसुझू इंजिन शोधावे, त्याच मापाचे. ते रीतसर संमती घेऊन नोंदवता येण्याची आशा तरी आहे. सहा सिलिंडरांचा हट्ट सोडवत नसेल तर ती गाडी खासगी आवाराबाहेर काढू नये. आणि तिसरे, आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे: इंजिन सापडेपर्यंतचे महिने वाया घालवू नयेत. दर रविवारी एक वही घेऊन चाचांकडे जावे. कोणत्या गाडीत कोणते इंजिन गेले, तबकडी किती जाडीची लागली, कोणती जोडी फसली आणि का, हे त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे. विद्युत मोटारींचे संच जुन्या गाड्यांत बसवण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. उद्या ज्यांना ते काम करायचे आहे, त्यांनाही मोटर गिअरपेटीला जोडताना मध्ये एक तबकडी कातावी लागणार आहे, आणि तिचा मध्य केसभरही सरकून चालणार नाही.

गेले चार रविवार तो जातो आहे. वहीची वीस-बावीस पाने भरली आहेत. कॉन्टेसा अजून मुलुंडला, इंजिनावाचून, ताडपत्रीखाली उभी आहे.